फेब्रुवारीतल्या काचघरात

लंडनच्या क्यू उद्यानात फेब्रुवारीत बाहेरची झाडं उघडीबोडकी असतात. प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघराचं दार लोटलं की मात्र चष्म्यावर वाफ धरते आणि जाड कोट हातावर घ्यावा लागतो. १९८७ साली खुल्या झालेल्या या काचघराचा बराच भाग ऊब टिकावी म्हणून जमिनीच्या पातळीखाली आहे. वाळवंटापासून दमट अरण्यापर्यंत १० प्रकारची हवामानं इथे राखली जातात. हिवाळ्याअखेरचा ऑर्किड महोत्सव भरतो तो इथेच.

अलीकडे महोत्सवाचा विषय म्हणून दर वर्षी एक देश निवडतात. २०१७ साली तो मान भारताचा होता. २०२० मध्ये इंडोनेशियासाठी ऑर्किडचा ज्वालामुखी रचला होता. अशा रचनांत भर असतो तो फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या संकरित जातींचा. काही आठवडे जरा गारव्यात ठेवलं की फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येतो, म्हणून बहराची वेळ साधता येते. व्हँडा ऑर्किडं मातीविना टांगलेली असतात. त्यांच्या मुळांवरचं पांढरट, सच्छिद्र आवरण पाणी शोषतं आणि भिजलं की हिरवट दिसू लागतं.

ही रेलचेल पूर्वी शक्य नव्हती. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक. रुजण्यापुरतीही शिदोरी त्यात नसते. रानात ती एका बुरशीकडून मिळते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगरवर बुरशीविना बी रुजवून दाखवलं. त्याआधी युरोपातल्या हौशी श्रीमंतांसाठी रानंच्या रानं ओरबाडली जात. कोलंबियात तर फांद्यांवरची ऑर्किडं काढायला अख्खी झाडं आडवी केली गेली. आज ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराची बंधनं आहेत.

माझं मन मात्र ज्वालामुखीपेक्षा मादागास्करच्या पांढऱ्या अँग्रीकममध्ये रमतं. त्याच्या फुलामागे जवळपास ३० सेंटिमीटर लांब नळी आणि तिच्या तळाशी मध. तिथवर पोचणाऱ्या सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, असं डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं. त्या पतंगाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं १९०३ मध्ये, डार्विनच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी.

व्हँडाची एक नातलग आपल्याकडेही आहे: सीतेची वेणी. आसामात बिहूला केसांत माळतात ते कोपौ फूल हेच. सह्याद्रीत जुन्या झाडांच्या फांद्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबतात. रस्ता रुंद करताना अशी झाडं पडतात, तेव्हा वेणीही त्यांच्याबरोबर जाते. ती वाचवता येते. पडलेल्या फांदीवरचं रोप मुळांना धक्का न लावता सोडवावं आणि पावसाच्या सुरुवातीला जवळच्याच खडबडीत सालीच्या झाडाला काथ्याने घट्ट बांधावं. माती घालू नये.