लावणीनंतरचा ताप

कारखान्यात यंत्रात सापडून बोट तुटले तर त्याला अपघात म्हणतात. त्याचा दिवस, वेळ, जागा सारे ठाऊक असते. जंतूंमुळे होणाऱ्या व्यावसायिक रोगांचे तसे नाही. ते कामावर जडतात आणि घरी आल्यावर उमटतात. म्हणून त्यांना कामाच्या खात्यावर कोणी धरीत नाही. कोकणात ‘लेप्टो’ ह्या अर्ध्याच नावाने ओळखला जाणारा लेप्टोस्पायरोसिस हा असाच एक रोग.

त्याचे जंतू मळसूत्रासारखे पिळाचे असतात. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री ह्यांच्या मूत्रातून ते बाहेर पडतात. वाळले की मरतात. ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात मात्र कित्येक दिवस तग धरतात. भाताचे खाचर म्हणजे त्यांचे माहेरच! चिखलणी झालेल्या शेतात बाया दिवसभर ओणव्याने तरवा लावतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना भेगा, हातांवर ओरखडे. जंतूला शिरायला एवढी वाट पुष्कळ झाली. चिखल्यांना आपल्याकडे कोणी दुखणे समजतच नाही. रात्री मेंदी लावायची आणि सकाळी पुन्हा शेतात.

ताप लगेच येत नाही, साधारणपणे ५ ते १४ दिवसांनी येतो. तोवर लावणी आटोपलेली असते. डोके दुखते, डोळे लाल होतात, पोटऱ्या विलक्षण ठणकतात. पण इतके दिवस चिखल तुडवल्यावर पोटऱ्या दुखणारच, असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर हा रोग बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, क्वचित फुप्फुसात रक्तस्राव होतो.

हा रोग शेतकऱ्यांचाच आहे असेही नाही. गटारात उतरणारे सफाई कामगार, खाटीक, गुरांचे डॉक्टर ह्यांनाही त्याचा धोका असतो. इनाडा व इडो ह्या जपानी संशोधकांनी १९१५ च्या सुमारास हा जंतू शोधला, तेव्हा तेथे ह्या रोगाने कोळशाच्या खाणीतील कामगारांना ग्रासले होते. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर ह्याची साथ आली, तेव्हा कुठे शहराला त्याचे नाव कळले.

उपाय म्हणून गमबूट घालावेत असे सांगतात. सांगणाऱ्याने एकदा खाचरात उतरून पाहावे: पाय वर येतो, बूट खालीच राहतो! त्यापेक्षा जोखमीच्या दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन घेणे व्यवहार्य वाटते. पनामाच्या जंगलात अमेरिकन सैनिकांवर त्याचा प्रयोग झाला व तो यशस्वी झाल्याचे १९८४ साली प्रसिद्ध झाले. गरोदर स्त्रिया व लहान मुले ह्यांना मात्र हे औषध चालत नाही.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी ह्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा, असे त्याने त्यात वैद्यांना बजावले आहे. आपल्या दवाखान्यांतील केसपेपरवर कधी कधी व्यवसायाचा रकाना असतो. पंधरा दिवस लावणी करून आलेल्या बाईच्या नावापुढे त्या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिलेले मी वाचले आहे.