ज्ञान-कामगार कोणाला म्हणावे?



पीटर ड्रकर या अमेरिकेतील लेखकाने १९५९ साली 'ज्ञान-कामगार' हा शब्द वापरला. अंगमेहनतीपेक्षा जवळच्या माहितीच्या जोरावर जो काम करतो, तो ज्ञान-कामगार. हल्ली हा शब्द उच्चारला की संगणकापुढे बसलेला शहरातला पोरगाच डोळ्यांपुढे येतो. आम्हाला काही ते पटत नाही.

नाशिककडून रेल्वेने मुंबईला जाताना कसारा घाट उतरला की खर्डी स्टेशन लागते. तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. पाऊस धो-धो, मुख्य पीक भाताचे. त्या पट्ट्यात रोपाच्या जागेवर शेण, फांद्या, पाला, गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि राब भाजतात. तणाचे बी जळते, रोप जोमदार येते. (झाडे छाटली जातात म्हणून जाणकार राबाला नको म्हणतात, तेही खरेच.) पण थर किती जाड हवा, वारा पाहून कोणत्या बाजूने पेटवायचा, हे तिथला शेतकरी पुस्तकात वाचून करीत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' भातात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत राहिले. त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ आला, नाव पडले त्या वेळच्या घड्याळावरून. वाण दूरवर पसरले, पण दादाजींच्या पदरात पैसा फारसा पडला नाही. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. २०१८ साली ते वारले. माहिती त्यांची, मोबदला मात्र फारसा नाही, ही खरी गोम.

आता आपल्या उसाकडे या. आम्ही शेतकी खात्याची माणसे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतो, बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स बघतो. दोन्ही जवळजवळ सारखे आले की ऊस पक्व. पण लागण कधीची, बेणे कुठले, पाणी कधी तोडले, हे तुम्हालाच ठाऊक. फुले २६५ हे वाण वजनाला चांगले, चोपण जमिनीतही तग धरते. मात्र लवकर तोडले तर साखर कमी उतरते. पाळी आधी यावी म्हणून तेच ८६०३२ म्हणून नोंदवले, किंवा लागणीची तारीख महिनाभर मागे लिहून दिली, की कच्चा ऊस गव्हाणीत पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवले, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये, म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. खोटी नोंद एकाची, पण उतारा साऱ्या कारखान्याचा धरतात.

यंदा नोंदीला आमचा मदतनीस बांधावर येईल, तेव्हा घरातल्या ज्याने लागण केली त्याला, बाई असली तर तिला, पुढे बसवा. वाण, तारीख, बेण्याचा प्लॉट तिच्या तोंडून लिहून घेऊ आणि सही झाल्यावर नोंदीची एक प्रत घरी ठेवायला देऊ.