माशांच्या पेटींतील वाळू

दिवाळीच्या आवराआवरींत माळ्यावरील भांड्यांबरोबर बैठकींतील माशांची कांचेची पेटीही अंगणांत येते. मासे बादलींत सोडून तिच्या तळची वाळू नळाखालीं धुतली जाते किंवा सारी टाकून नवी घातली जाते. चार दिवस पेटी आरशासारखी दिसते. पांचव्या दिवशीं तळाशीं वावरणारा एखादा मासा आडवा पडलेला आढळतो आणि दोष दुकानदारावर जातो. खरा दोष बहुधा त्या स्वच्छतेचाच असतो.

माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया हें विष तयार होतें. वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या स्पंजांत वसलेले सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. असे जंतु रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनीं १८९० सालीं वेगळे काढून दाखविले. आपल्या वऱ्हाडच्या काळ्या मातींतही हाच व्यवहार अहोरात्र चालूं असतो. सारी वाळू एकदम काढली कीं ह्या जंतूंचें मोठें ठाणें उठतें, आणि तें पुन्हां बसण्यास कांहीं आठवडे लागतात.

मूळचा दक्षिण अमेरिकेंतील मिशाळ कोरीडोरस किंवा आपल्याकडील नद्यांतही आढळणारे लोच जातीचे मासे तोंड वाळूंत खुपसून अन्न शोधतात. म्हणून वाळू बारीक व गोलसर कणांची असावी. धारदार खडीनें त्यांच्या मिशा झिजतात. नदीची वाळू फुकट मिळते खरी, परंतु पूर्णेच्या खोऱ्यांत तींत चुनखडीचे कण असूं शकतात. कोरड्या वाळूवर थोडें व्हिनेगर ओतावें. बुडबुडे उठल्यास ती वाळू घेऊं नये, तिनें पाणी जड होतें. खारपाणपट्ट्यांतील विहिरीचें पाणीही पेटीस चालत नाहीं. नळाचें पाणी घ्यावें, मात्र त्यांतील क्लोरीन आधीं घालवावा.

६० सेंटिमीटर लांब व ३० रुंद पेटींत ५ सेंटिमीटर थरास सुमारें ९ लिटर, म्हणजे जवळजवळ १४ किलो वाळू लागते. ती निवळ पाणी येईपर्यंत आधींच धुऊन ठेवावी. तळाचे मनानें तीन वाटे करून एका वेळीं एकाच वाट्याची वाळू नळीनें हळूहळू ओढून काढावी, नवी वाळू पेल्यानें तळाशीं नेऊन सोडावी, आणि पुढील वाट्यास पंधरा दिवसांनीं हात लावावा. जुनी मूठभर वाळू पातळ कापडाच्या पुरचुंडींत बांधून आंत ठेवली तर जंतूंचें बियाणें राहतें. ह्या काळांत स्पंजास हात लावूं नये.

जुन्या थरास काळेपणा व कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर त्यांत विषारी वायु असतो. अशा वेळीं मासे आधींच पेटींतीलच पाणी घेतलेल्या, हवा सोडलेल्या बादलींत न्यावेत व वर कापड बांधावें. कोरीडोरसचे कांटे जाळ्यांत अडकतात, म्हणून जाळ्यापेक्षां तांब्या बरा.

मे महिन्यांत मुलांस सुट्टी असली तरी हें काम तेव्हां काढूं नये. अकोल्यास त्या दिवसांत पारा ४४ अंशांच्या पुढें जातो. २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांस साडेसातच. शिवाय ऊन पाण्यांत अमोनियाही अधिक बाधतो. दिवाळीनंतरचे थंड दिवस ह्यास उत्तम.

काम झाल्यावर दोन दिवस अन्न देऊं नये. दहा माणसांच्या घरांत हें पथ्य अवघड, कारण आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकजण "मीं घातलें नव्हतें" म्हणत एक चिमूट टाकतोच. अन्नाची डबी एकाच्याच ताब्यांत असावी. कोरीडोरस अधूनमधून वर येऊन हवा घेतो, तें स्वाभाविकच आहे. तो वारंवार वर धांवूं लागला तर मात्र त्याच दिवशीं चौथाई पाणी बदलावें.