मांजराला दार उघडायचं का?

२०२२च्या मे महिन्यात जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या वॉल्डोर्फ या छोट्या गावात जिल्हा प्रशासनाचा आदेश आला : ऑगस्ट संपेपर्यंत मांजरं घराबाहेर सोडायची नाहीत. पुढची तीन वर्षंही एप्रिल ते ऑगस्ट हाच नियम. मोडला तर ५०० युरो दंड, आणि मांजराने तुरेवाला चंडोल मारला तर दंड ५०,००० युरोपर्यंत. हा चंडोल उघड्या माळावर, जमिनीवरच घरटं करतो. पश्चिम युरोपात तो झपाट्याने कमी झाला आहे आणि वॉल्डोर्फच्या कडेला त्याच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. नीट उडता येण्याआधीच त्याची पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात आणि गवतात लपून राहतात. तेवढे दिवस मांजरं आत ठेवा, एवढीच मागणी. तरीही गावात खळबळ उडाली. जन्मभर मोकळं फिरलेलं मांजर अचानक कोंडलं तर त्याचे हाल होतील, असं म्हणत तिथले प्राणिमित्र कायदेशीर लढाईच्या तयारीला लागले.

आपल्याकडे असा आदेश कुणी काढलेला नाही, पण वाद तोच आहे. व्हेटच्या दवाखान्यात, सोसायटीच्या जिन्यात, गावी गेल्यावर पडवीत तो ऐकू येतो. ‘मुका जीव, कोंडून कसा ठेवायचा?’ असं एक जण म्हणतो; ‘बाहेर सोडलं आणि गाडीखाली आलं तर?’ असं दुसरा. माझ्या मते शहरातल्या मांजराने घरातच राहावं. पण हे म्हणताना एक जबाबदारीही घ्यावी लागते. बाहेर त्याला जे मिळत होतं, ते आत आणून देणं आपलं काम होतं, आणि ते काम बहुतेक घरांत होत नाही.

मांजर आपल्याकडे आलं ते धान्यामागे आलेल्या उंदरांमागे. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जगभरच्या पाळीव मांजरांचा माग पश्चिम आशियातल्या आफ्रिकी रानमांजराच्या उपजातीपर्यंत नेला. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला आहे. बेटावर मांजर मुळात नव्हतंच, म्हणजे कुणीतरी ते होडीतून सोबत नेलं होतं. मात्र कुत्र्याला माणसाने राखण, शिकार, मेंढपाळी अशा कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलं, तसं मांजराच्या बाबतीत झालं नाही. ते जे करत होतं तेच आपल्याला हवं होतं. म्हणून त्याच्यातला शिकारी जवळजवळ जसाच्या तसा राहिला. पोट भरलेलं असतानाही गवतात काही हललं की ते दबा धरतं, कारण भूक आणि शिकारीची ऊर्मी या त्याच्या मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्ण वेळ घरात राहणारं मांजर ही फार अलीकडची गोष्ट आहे. १९४७मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लोव यांनी द्रव शोषून घेणारी माती मांजराच्या शौचासाठी विकायला सुरुवात केली. त्यापूर्वी लोक राख, वाळू, माती वापरत आणि वास काही जात नसे. नसबंदीची सोय नव्हती तेव्हा माजावर आलेली भाटी घरात ठेवणं अशक्यप्राय होतं. बोक्याच्या मूत्राचा उग्र दर्प तर विचारूच नका. आपल्या आजीने मांजराला दार उघडं ठेवलं यात तिची चूक नव्हती. तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आज तो आहे.

बाहेर गेलेलं मांजर नेमकं काय करतं, हे शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात यंत्रं बांधून पाहिलं आहे. रोलंड केज आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावलं आणि २०२०मध्ये निष्कर्ष मांडले. मांजरं लांब भटकतात ही समजूत त्यात टिकली नाही. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच राहत होती; सरासरी वावर ३.६ हेक्टरचा, म्हणजे जेमतेम नऊ एकरांचा. ऐकायला हे दिलासादायक वाटतं, पण अडचण इथेच आहे. रानातला तेवढाच मोठा शिकारी प्राणी आपली शिकार कितीतरी मोठ्या क्षेत्रात वाटून करतो आणि भक्ष्य संपलं की उपाशी राहतो. मांजराला घरी वाटीभर खाणं मिळतंच, त्यामुळे एका गल्लीत वीस-वीस मांजरं राहू शकतात आणि त्या सगळ्यांची शिकार त्याच चार बागांत होते. त्या चार बागांपुरता हिशेब केला, तर पाळीव मांजरांचा ताण रानटी शिकाऱ्यांच्या दोन ते दहा पट निघाला.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात ५५ मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे लावले होते. त्यांतली ४४ टक्के मांजरं शिकार करत होती, आणि मारलेल्यापैकी चौथा हिस्साही घरी येत नव्हता. जवळपास निम्मी शिकार जिथे मारली तिथेच टाकलेली. म्हणजे ‘आमची मनी कधी पक्षी आणत नाही’ या वाक्यावर कितीही प्रामाणिक मालकाने विसंबू नये. त्या चित्रफितींत सर्वाधिक बळी पडत होते ते सरडे. आपल्याकडच्या बागांत सरडे, सापसुरळ्या, बेडूक, खारीची पिल्लं, जमिनीजवळ वावरणारे दयाळ आणि शिंपी यांच्या वाट्याला हेच येत असणार. चिमण्यांसाठी बाल्कनीत घरटं टांगणाऱ्या घरांनी तरी याचा विचार करावा. आणि मांजराच्या तोंडातून पक्षी जिवंत सुटला म्हणजे वाचला असं नाही. मांजराच्या लाळेतला पाश्चरेला नावाचा जिवाणू बारीकशा दाताच्या खुणेतून रक्तात शिरला तर पाखराचा जीव घेतो. असा पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याला लगेच पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. अँटिबायोटिक वेळेत मिळालं तरच आशा.

देशाच्या पातळीवरचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. अमेरिकेत मोकळी मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, हा २०१३चा अंदाज जगभर फिरला. त्याच अभ्यासाने असंही म्हटलं होतं की त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा आहे. ब्रिटनमध्ये तर आरएसपीबी ही पक्षीसंवर्धनातली मोठी संस्थासुद्धा म्हणते की बागेतल्या पक्ष्यांची संख्या मांजरांमुळे घटत असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. ब्रिटिश पक्षी हजारो वर्षं रानमांजरांच्या आणि दीर्घ काळ पाळीव मांजरांच्या सोबतीने राहिले आहेत. याच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडचं स्टीफन्स बेट. १८९४मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं, मांजरं पोचली, आणि जवळजवळ न उडणारा एक इवलासा पक्षी विज्ञानाला नुकता ठाऊक होतोय तोवर नाहीसा झाला. दीपगृहरक्षकाच्या एकाच मांजरीने तो संपवला ही दंतकथा. पुढच्या संशोधनात दिसलं की बेटावर रानटी झालेली अनेक मांजरं होती. या दोन टोकांवरून एवढं कळतं की मांजर किती नुकसान करील हे जागेवर ठरतं.

म्हणून मला शहराच्या बाल्कनीपेक्षा दख्खनच्या माळांची काळजी अधिक वाटते. पुण्याच्या पूर्वेला सासवड, सुपे, मोरगावकडच्या गवताळ पट्ट्यात चंडोल, धाविक, टिटवी हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथला एक चंडोल तर कर्नल साइक्स यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो भारतातच आढळतो. या माळांवर आता बंगल्यांच्या वसाहती उठत आहेत, आणि प्रत्येक वसाहतीसोबत मांजर येतंच. उसाच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. जुन्नर परिसरात तोडणीच्या वेळी उसात वाघाटीची पिल्लं सापडतात. वन विभाग आणि प्राणिरक्षक त्यांना पुन्हा आईपाशी पोचवतात. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ही एक. पाळीव मांजरांचे आजार अशा रानातल्या नातलगांपर्यंत पोचू शकतात आणि संकरही होऊ शकतो. स्कॉटलंडमधलं रानमांजर पाळीव मांजरांशी इतकं मिसळलं की २०१९मध्ये तज्ज्ञांनी तिथली रानटी संख्या स्वबळावर टिकण्याच्या पलीकडे गेल्याचं सांगितलं.

‘पण उंदरांचं काय?’ हा प्रश्न येतोच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका कचरा प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी उंदरांच्या वसाहतीवर पाच महिने नजर ठेवली. त्या काळात मांजरांनी मारलेले उंदीर दिसले अवघे दोन. मांजरं आली की उंदीर लपत, त्यामुळे लोकांना ते कमी झाल्यासारखे वाटत. घरातला चिमुकला उंदीर मांजर पकडतं, यात शंका नाही. पण गटारातल्या भल्या मोठ्या उंदराच्या किंवा घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. तिथे कचऱ्याची झाकणं आणि गटारांची डागडुजीच कामी येते.

आता मांजराच्या बाजूने पाहू. इंग्लंडमधल्या व्हेटच्या नोंदींवरून २०१५मध्ये झालेल्या अभ्यासात मांजरांचं मध्यक आयुर्मान १४ वर्षं निघालं. पण पाच वर्षांच्या आत मेलेल्या मांजरांत जवळपास निम्म्यांच्या मृत्यूचं कारण इजा होतं, आणि इजा म्हणजे बहुतांशी रस्ता. बोक्यांच्या भांडणात चाव्यातून एफआयव्ही पसरतो, तो माणसाच्या एचआयव्हीचा दूरचा नातलग. पॅनल्युकोपेनिया हा आजार लस न दिलेल्या पिल्लांना दोन-चार दिवसांत संपवतो. रेबीज कुत्र्यापुरता नाही. मांजर चावलं तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन लस घ्यावीच लागते. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा बाहेर जाणाऱ्या मांजरांना परजीवींची लागण होण्याची शक्यता २.७७ पट आढळली. त्यांतला टॉक्सोप्लाझ्मा गर्भवती स्त्रीसाठी महत्त्वाचा. मांजराच्या विष्ठेतली त्याची अंडी पहिल्या दिवसापासून लागण करत नाहीत, त्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर, म्हणजे शौचाची माती, रोज साफ करावं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. बाळ येणार म्हणून मांजर सोडून देण्याचं काहीच कारण नाही.

मात्र घर आपोआप सुरक्षित होत नाही. १९८७मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली. त्यांतली ९० टक्के वाचली, आणि तेव्हापासून मांजराला काही होत नाही असा समज पसरला. जागीच मेलेली मांजरं दवाखान्यात आणली जात नाहीत, हे त्यात विसरलं गेलं. मुंबई-पुण्यात खिडकीच्या ग्रिलमधून मांजर सहज निसटतं. बारीक, घट्ट जाळी बसवल्याशिवाय मांजर घरात आणू नये.

शरीर वाचलं तरी मन कोमेजू शकतं, आणि मन कोमेजलं की शरीरही साथ सोडतं. नुसतं घरात बसलेलं मांजर लठ्ठ होतं. काहींना लघवी तुंबल्यासारखी होते, वेदना होतात, रक्त जातं आणि तपासणीत जंतू सापडत नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांनी या आजाराचा संबंध ताणाशी जोडला. घरात राहणाऱ्या अशा ४६ मांजरांच्या मालकांना त्यांनी औषधांवर न थांबता घर बदलायला शिकवलं : चढायला उंच जागा, लपायला कोपरे, खेळ, स्वच्छ लिटर, मांजरामांजरांतले तंटे मिटवणं. दहा महिन्यांत मूत्राशयाचा त्रास तर कमी झालाच, मांजरांचं बुजणंही कमी झालं.

दहा बाय दहाच्या खोलीतही हे जमतं, कारण मांजर जमिनीइतकंच उंचीवर जगतं. कपाटावरची मोकळी जागा, खिडकीशी एक रुंद फळी, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला उभा खांब, आणि रोज संध्याकाळी दोरीला बांधलेलं पीस जमिनीवरून सरपटत नेणं. शेवटी ते पीस त्याला पकडू द्यावं आणि लगेच खाऊ घालावं. दबा, झडप, पकड, घास हा क्रम पूर्ण झाला की मांजर अंग चाटून झोपतं. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१च्या प्रयोगात तर बाहेर जाणाऱ्या मांजरांशीसुद्धा रोज पाच-दहा मिनिटं असं खेळल्यावर घरी येणारी शिकार २५ टक्क्यांनी घटली. भरपूर मांसप्रथिनं असलेल्या, धान्यविरहित खाद्याने ती ३६ टक्क्यांनी घटली. गळ्यातल्या घंटीचा मात्र तिथे काही परिणाम दिसला नाही.

कोकणातल्या कौलारू घरात, जिथे दार दिवसभर उघडंच असतं, तिथे पूर्ण बंदी घाला असं मी म्हणणार नाही. नसबंदी, लसीकरण, आणि तिन्हीसांजेपासून सकाळी उजाडून बराच वेळ होईपर्यंत मांजर आत, एवढं केलं तरी पुष्कळ. पहाट आणि संध्याकाळ हीच त्याची शिकारीची वेळ. गल्लीतल्या मांजरांना रोज खाऊ घालणाऱ्यांनीही नसबंदीचा खर्च आपल्यातलाच मानावा. भाटी पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. नुसतं दूध-भात घालत राहिलं तर वर्षभरात आणखी पिल्लं त्याच रस्त्यावर येतात.

पिल्लू लहानपणापासून आत वाढलं तर ते सहसा बाहेरचा हट्ट धरत नाही. फिरस्त्या मोठ्या मांजराला मात्र हळूहळू वळवावं लागतं. मला वाटतं, त्यासाठी आपल्याकडे पावसाळ्याची सुरुवात उत्तम. भिजायला नको म्हणून ते स्वतःच आत थांबतं, आणि माळावर तेव्हा अनेक पक्ष्यांची घरटी असतात. संध्याकाळचं जेवण ठरलेल्या वेळी घरातच द्यावं, त्याआधी खेळावं, मग दार लावून घ्यावं. पहिले काही दिवस ते दाराशी बसून ओरडेल. त्या ओरडण्यावर दार उघडलं तर ओरडण्याने दार उघडतं हे त्याला कळतं. म्हणून त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ते पीस हलवावं.