लॉगिनची खूण आणि क्षेत्रकार्य

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणासाठी मोबाइलवरील अ‍ॅप वापरण्याचा प्रघात आता पडला आहे. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी येथे एखादा विद्यार्थी वृद्ध निवेदिकेसमोर बसला आहे. सकाळी लॉगिन करून बंद केलेले अ‍ॅप तो पुन्हा उघडतो, तो परवलीचा शब्द नव्याने विचारला जातो. नेटवर्क क्षीण असल्यास लॉगिन होत नाही आणि आजीबाईंच्या ओठांवर आलेली गोष्ट तशीच राहते. या अडचणीचे मूळ बहुधा अ‍ॅपच्या रचनेत असते. प्रस्तुत टिपणात तिचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

अ‍ॅप आणि सर्व्हर यांचा व्यवहार ज्या एचटीटीपी पद्धतीने चालतो, तीत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. मागील मागणी कोणाची होती, याची आठवण त्या पद्धतीत अंगभूत नाही. पूर्वसंदर्भ नसलेल्या सर्वनामासारखीच ही अवस्था होय. तो संदर्भ पुरविण्यासाठी 1994 साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकीची योजना केली. लॉगिन होताच सर्व्हर एक खूण पाठवितो. अ‍ॅप ती खूण पुढील प्रत्येक मागणीसोबत परत धाडते, आणि त्यावरून सर्व्हरला ओळख पटते.

कुकी दोन प्रकारची असते. 2011 च्या आरएफसी 6265 या प्रमाणकानुसार ‘एक्स्पायर्स’ किंवा ‘मॅक्स-एज’ याने मुदत ठरवून दिलेली कुकी टिकाऊ होय. मुदत नसलेली कुकी त्या सत्रापुरतीच असते. म्हणून पहिली तपासणी सर्व्हरकडे करावी: त्याने मुदत दिली आहे काय?

मुदत दिली तरी काम संपत नाही. खूण कोठे ठेवली जाते, हा दुसरा प्रश्न. जावाच्या ‘कुकीमॅनेजर’चे मूळ कोठार केवळ चालू स्मृतीत असते. अ‍ॅप बंद होताच ते रिकामे होते. फोनची स्मृती अपुरी पडल्यास मागे गेलेले अ‍ॅप अँड्रॉइड स्वतःच बंद करते. तेव्हा वापरणाऱ्याने काहीही न करता लॉगिन नाहीसे होते. यास्तव खूण फोनच्या कायम साठवणीत लिहून, अ‍ॅप उघडताना प्रथम ती वाचून घेणे आवश्यक ठरते. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये कुकी साठवणीत तत्काळ उतराव्यात म्हणून ‘फ्लश’ ही आज्ञा आहे. आयओएसमधील सामायिक कुकी-कोठार मुदतीच्या कुकी आपोआप जपते. मुदत नसलेल्या मात्र जपत नाही.

तथापि, टिकविणे म्हणजे अमर्याद टिकविणे नव्हे. ज्याच्या हाती ती खूण, त्यालाच सर्व्हर मूळ व्यक्ती मानतो. क्षेत्रकार्यातील फोन कित्येकदा अनेकांच्या हाती जातो, आणि निवेदकांनी विश्वासाने सांगितलेल्या कौटुंबिक गोष्टी त्या खुणेच्या आड असतात. म्हणून खूण उघड्या फाइलीत लिहू नये. अँड्रॉइडवर कीस्टोअरमधील किल्लीने ती कूटबद्ध करावी, आयओएसवर कीचेनमध्ये ठेवावी. मुदत दौऱ्याच्या कालावधीस अनुरूप असावी. लॉगआउट करताना ती फोनवरून पुसली जावी आणि सर्व्हरवरही रद्द व्हावी; केवळ फोनवरून पुसल्याने आधीच चोरीस गेलेली प्रत निकामी होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ध्वनिमुद्रण लॉगिनवर अवलंबूनच असू नये. मुद्रण प्रथम फोनवर सुरक्षित साठवावे. ओळख पटविण्याचे प्रयोजन ते सर्व्हरकडे पाठविताना आहे. दौऱ्यास निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने अ‍ॅप पूर्ण बंद करून, फोन पुन्हा सुरू करून आणि नेटवर्क तोडून ते उघडून पाहावे. या तिन्ही कसोट्यांस उतरलेले अ‍ॅपच गावी न्यावे. परवलीचा शब्द पुन्हा टंकता येतो. निवेदिकेची ती गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा मिळेलच, असे नाही.