देणगी कोणत्या संस्थेला? विद्यार्थी समित्यांविषयीचे काही गैरसमज

सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाची विद्यार्थी समिती स्थानिक सामाजिक संस्थेला आर्थिक मदत देण्याचे ठरवते, तेव्हा ती रक्कम राष्ट्रीय सेवा योजनेच्या अनुदानातून जात असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे व सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे अशी अपेक्षा असते आणि अनुदान त्याच कार्यक्रमांसाठी असते, ते देणग्या वाटण्यासाठी नसते. देणगीची रक्कम त्यामुळे वेगळी उभारावी लागते. ती उभारताना महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवून बाजारात डबा फिरवला की पुरे, असे मानणे ही पुढची चूक होय. कारण सार्वजनिक न्यास म्हणून नोंद नसलेल्या गटाला धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी हीच परवानगी घेतात, त्यामुळे मंडळात काम केलेल्या विद्यार्थ्याला ती अपरिचित असण्याचे कारण नाही.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज नोंदणीविषयीचा आहे. संस्थेच्या पत्रशीर्षावर नोंदणी क्रमांक असला की तिचे काम चांगले, असा निष्कर्ष काढला जातो. या क्रमांकातील ‘एफ’ हे अक्षर ती संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेली असल्याचे, तर ‘ई’ हे अक्षर ती इतर प्रकारचा धर्मादाय न्यास असल्याचे सांगते. याहून अधिक काही ते सांगत नाही. नोंदणी हा अस्तित्वाचा पुरावा आहे, कार्याचा नव्हे. कार्याच्या जवळ नेणारी कागदपत्रे निराळी असतात, ती म्हणजे लेखापरीक्षकाचा वार्षिक अहवाल आणि विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत सादर करावयाचा ‘बदल अर्ज’. वर्षानुवर्षे बदल अर्ज प्रलंबित असलेल्या संस्थेत कारभार नेमका कोण पाहतो, हा प्रश्न समितीने धनादेश लिहिण्याआधी विचारला पाहिजे. ‘८०जी’ या मान्यतेचेही असेच आहे. ती देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देते, संस्थेची गुणवत्ता ठरवत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याला करपात्र उत्पन्नच नाही, त्याने तिच्यावर एवढा भर द्यावा यात थोडी गंमतही आहे.

प्रशासकीय खर्च जितका कमी तितकी संस्था प्रामाणिक, हे गणितही फसवे आहे. मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत काळजीवाहू ताईंचा पगार हा ‘वरचा खर्च’ नसून तीच सेवा असते. तरीही समित्यांचा कल दिसणाऱ्या वस्तूंकडे असतो. ज्या शहराच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या शहरात हिवाळ्यात चादरी वाटण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु वीजबिल थकलेल्या वसतिगृहाला आणखी चादरींचा उपयोग काय, हे तेथे विचारल्याखेरीज कळत नाही.

बहुमताने घेतलेला निर्णय आपोआप निःपक्षपाती ठरतो, असेही समजले जाते. मत मात्र समितीपर्यंत पोहोचलेल्या संस्थांनाच दिले जाते, आणि कोण पोहोचते हे आधीच ठरलेले असते. सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांचे शहर आहे. यंत्रमाग आणि विडी यांवर जगणाऱ्या पूर्व भागात, तेलुगू भाषक वस्तीत चालणारा एखादा अभ्यासवर्ग सुबक मराठीत किंवा इंग्रजीत प्रस्ताव लिहू शकणार नाही, तर शहराच्या दुसऱ्या टोकाची, छापील अहवाल असलेली संस्था तो सहज लिहील. अशा वेळी मतदान गरजेची नव्हे, लेखनकौशल्याची तुलना करते. कॅनडात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘यूथ अँड फिलान्थ्रॉपी इनिशिएटिव्ह’ या शालेय उपक्रमात विद्यार्थ्यांचे गट स्वतः स्थानिक संस्था शोधतात, तिला भेट देतात, अभ्यास करतात आणि मगच परीक्षक मंडळासमोर तिची बाजू मांडतात. शोधण्याची जबाबदारी संस्थेवर न टाकता विद्यार्थ्यांवर टाकल्याने हा दोष बराचसा कमी होतो. समितीतील सदस्याचा नातेवाईक संस्थेत विश्वस्त असल्यास त्या सदस्याने त्या मतदानातून बाजूला होणे, हे तर उघडच आहे.

भेटीबाबत एक गोष्ट विशेष दुर्लक्षित राहते. धनादेश देताना बालगृहातील मुलांसोबत छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करणे हा देणगीचा पुरावा मानला जातो. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, दोन लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. देणगीच्या पुराव्यासाठी संस्थेची पावती आणि पुढील वर्षाच्या हिशेबातील तिची नोंद पुरेशी असते.