डांगाणातील वाटा

मुंबईहून नाशिकच्या रस्त्याने कसारा घाट चढून आणि इगतपुरी मागे टाकून घोटीस पोहोचल्यावर उजव्या हाताला जो रस्ता फुटतो, तो प्रवाशास सह्याद्रीच्या अशा मुलखात नेऊन सोडतो, की जेथे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर, इंग्रजी अमदानीत बांधलेले एक भव्य धरण, शिलाहारांच्या काळातील मानले जाणारे एक शिवालय, पाषाणात उभी चिरत गेलेली एक अरुंद घळ आणि कोकणावर झुकलेला एक प्रचंड कडा ही सारी एकाच तालुक्याच्या हद्दीत सापडतात. हा अकोले तालुका पिढ्यानपिढ्या अहमदनगर जिल्ह्याचा म्हणून ओळखला गेला, आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण तालुक्याच्या या पश्चिमेकडील डोंगराळ भागाला तेथील माणसे आजही डांगाण म्हणूनच ओळखतात. प्रवासाला निघणाऱ्या मंडळींचे साहसी आणि विश्रांतिप्रिय असे दोन वर्ग पाडण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो डांगाणात फारसा चालत नाही. एकाच माणसाने सकाळी दोराला लटकावे आणि दुपारी जलाशयाच्या काठी जांभळीच्या सावलीत स्वस्थ पडून राहावे, अशी सोय येथे निसर्गानेच करून ठेवली आहे. मात्र काय केव्हा करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार या भूमीने स्वतःकडे राखला आहे, आणि तो मुकाट्याने मान्य करणाऱ्यासच ती आपले वैभव दाखविते.

हा अधिकार चालतो तो पावसाच्या हातून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे जे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा पश्चिमेकडील तुटलेला काठ. अरबी समुद्रावरून येणारे मेघ याच काठावर प्रथम अडतात, आणि घाटघर, रतनवाडी यांसारख्या कडेच्या गावांवर इतके कोसळतात की त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त गावांना ते ऐकून नवल वाटावे. या पावसात तग धरील असे जनावर म्हणून येथे डांगी जातीची गुरे सांभाळली जातात. त्यांच्या कातडीवर पाझरणारा तेलकट स्राव पाणी अंगात मुरू देत नाही. जून ते सप्टेंबर येथे रयतेचा सारा व्यवहार भातखाचरांत आणि चिखलात चालतो, आणि हौशी प्रवाशाने या काळात धबधबे डोळे भरून पाहावेत, पण घळी आणि निसरडे कडे यांच्या वाटेस जाऊ नये.

भंडारदऱ्याचा जलाशय हे या मुलखाचे हृदय होय. प्रवरा नदीवरील हे धरण बांधण्यास १९१० साली प्रारंभ झाला आणि १९२६ साली ते पुरे झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. नदीच्या तळापासून सुमारे ८२ मीटर उंच उठलेली ही दगडी भिंत आज पाहतानाही बांधणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. धरणाखालच्या गोल खडकावरून पाणी सोडले म्हणजे ते उघडलेल्या छत्रीसारखे चहूबाजूंनी ओघळते, आणि म्हणूनच त्यास अंब्रेला फॉल हे नाव पडले. येथे थांबलेले पाणी कालव्यांतून खाली संगमनेर, श्रीरामपूरकडील शेतांत जाते; प्रवराकाठी उसाचे जे मळे उभे राहिले आणि सहकारी साखर कारखानदारीचा जो पाया घातला गेला, त्यामागे या डोंगरात साठविलेले पाणी आहे. ज्या आदिवासी कुटुंबांच्या वाडवडिलांची जमीन या जलाशयाखाली गेली, त्यांचे वंशज आज काठावर पर्यटकांना भाकरी करून वाढतात. काठावर तंबू ठोकून निवांत बसणाऱ्याने हे स्मरणात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडीहून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि पांजरे असा फिरून पुन्हा शेंडीस येतो. घाईने ही प्रदक्षिणा काही तासांत आटोपते, आणि बहुतेक जण ती तशीच आटोपतात. पण विश्रांतीसाठी आलेल्याने तिला एक संपूर्ण दिवस द्यावा, आणि त्यातील मोठा भाग रतनवाडीच्या अमृतेश्वरासाठी राखावा. झंझ नावाच्या शिलाहार राजाने नद्यांच्या उगमांपाशी शिवालये बांधली, त्यांपैकी हे एक, असे परंपरा सांगते. काळ्या दगडाच्या या मंदिराचे शिखर, त्याच्या अंगावरील बारीक नक्षी, द्वारशाखांवरील आकृती आणि जवळच्या पुष्करणीच्या कोनाड्यांतील मूर्ती एका दृष्टिक्षेपात पाहून होण्याजोग्या नाहीत. सकाळचे तिरपे ऊन शिल्पांच्या कडांवर पडेल अशा वेळी यावे आणि भिंतीला हात न लावता सावकाश फिरावे. जेथून प्रवरा उगम पावते तो रतनगड याच गावाच्या माथ्यावर उभा आहे. गर्द झाडीतून, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडीत जाणारी त्याची वाट शेवटी लोखंडी शिड्यांवरून गणेश दरवाजात पोहोचते, आणि सर्वांत वर जे नैसर्गिक भोक कड्यात पडले आहे, त्यास नेढे म्हणतात. सप्टेंबरअखेरीस, गडाच्या उतारांवर सोनकीचा पिवळा बहर असताना, नेढ्यात वाऱ्याला तोंड देऊन बसण्यासारखे सुख या भागात दुसरे नाही.

कळसूबाईची गोष्ट मात्र आणखी निराळी. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर ज्या देवीच्या नावाने ओळखले जाते, ती कळसू दंतकथेप्रमाणे भटकण्याची आवड असलेली एक कोळ्याची मुलगी होती. एका घरी चाकरीस राहताना भांडी घासणे आणि केर काढणे ही कामे आपणास सांगू नयेत अशी अट तिने घातली होती; एके दिवशी घरी पाहुणे आले, तेव्हा ती अट मोडून तिला भांडी घासावयास लावण्यात आले, आणि ती जी डोंगरावर चढून गेली ती परत आली नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच स्थान एखाद्या राजाच्या वा योद्ध्याच्या वाट्याला न येता हिंडण्याफिरण्याचे वेड असलेल्या एका मुलीच्या वाट्याला आले, याचा मला फार आनंद वाटतो. बारी गावातून निघालेली वाट शेते आणि टप्पे चढत, उभ्या कातळाच्या ठिकाणी लोखंडी शिड्यांवरून, साधारण प्रकृतीच्या माणसास तीनएक तासांत माथ्यावरील लहानशा मंदिरापाशी आणते. नवरात्रात येथे जी यात्रा भरते, तिला पंचक्रोशीतील वृद्ध स्त्रिया अनवाणी चढून येतात. पश्चिमेस अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड दिसतात. त्यांपैकी अलंग आणि मदन यांच्या तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आज दोर लावूनच चढावे लागते, आणि जाणत्या सोबत्यावाचून तेथे पाऊल टाकणे हा आततायीपणा होईल.

साहसाची खरी परीक्षा साम्रदच्या सांदण दरीत होते. गावाजवळच्या पठारावर उभे राहिले तरी पायाखाली असे काही असेल याची कल्पना येत नाही. आणि मग जमीन एकाएकी दुभंगते. सुमारे २ किलोमीटर लांबीची ही घळ जसजशी पश्चिमेस उतरत जाते, तसतशा तिच्या दोन्ही भिंती उंचावत जातात, आणि काही ठिकाणी त्या इतक्या जवळ येतात की दोन्ही हात पसरले असता बोटे दगडाला टेकावीत. भर दुपारीही तळाशी सूर्य क्षणभरच उतरतो. वाटेत साचलेल्या पाण्याचे डोह लागतात, हिवाळ्यात ते कमरेपर्यंत भरतात आणि त्यांचा गारठा हाडांत शिरतो. एवढ्यावरून परत फिरणाऱ्यासही सांदणचे दर्शन पुरेपूर घडते. पुढे जाणाऱ्यास मात्र कातळावरून दोराने उतरत, रात्री दरीतच मुक्काम करून, खाली शहापूर तालुक्यातील डेहणे गावाकडे बाहेर पडावे लागते. ही वाट डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंतची. सभोवतीच्या पठारांवर पडलेले सारे पाणी याच चिंचोळ्या फटीतून धावत असल्याने, पावसाळ्यात, किंबहुना वळवाचे ढग दिसू लागताच, आत शिरणे म्हणजे प्राणांशी खेळणे होय. तेथे वर चढून जाण्यास जागा नाही आणि पळण्यास वेळ नाही. साम्रदचा वाटाड्या आकाशाकडे पाहून ‘आज नको’ म्हणाला, तर शहरातून कितीही लांबून आलेलो असलो तरी परत फिरावे. त्याच्या शब्दावर हुज्जत घालणाऱ्या मंडळींचे मला फार वाईट वाटते.

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या आगेमागे, याच मुलखात काजव्यांचा जो सोहळा होतो, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तो आमच्याच हातून मलूल होण्याची भीती आहे. घाटघर, पांजरे, मुतखेलच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे जमतात, आणि एकाच झाडावरचे सारे जणू एका आज्ञेने क्षणात उजळतात नि क्षणात विझतात. हा प्रकाश म्हणजे नराने मादीस घातलेली साद होय. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी संयोग होऊन तो निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. अळीच्या अवस्थेत दीर्घकाळ ओलसर जमिनीत गोगलगायींसारख्या प्राण्यांवर जगलेल्या या कीटकास प्रौढपणी अवघे काही दिवस वा आठवडे मिळतात, आणि त्यातच त्याला आपली जोडी शोधावयाची असते. आता शनिवारी रात्री या रस्त्यावर मोटारींची जी रांग लागते, तिच्या प्रखर दिव्यांत ही साद बुडून जाते, पालापाचोळ्यात वावरणाऱ्या माद्या पायांखाली येतात, आणि फांद्या हलवून काजवे उडविण्याचा खेळ कोणीतरी करतोच. वनखात्याचे निर्बंध असतात, पण हजारोंच्या गर्दीपुढे बंदोबस्त अपुरा पडतो. ज्यास हा देखावा खरोखर पाहावयाचा आहे त्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी, अमावास्येच्या आसपास यावे, गाडी गावातच ठेवावी, विजेरी खिशात ठेवून गावकऱ्याच्या मागून चालावे, आणि झाडापासून दूर उभे राहून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. अत्तर आणि डास पळविणारे मलम त्या रात्री टाळावे. कॅमेऱ्याचा लख्ख प्रकाश तर अजिबात नको.

तालुक्याच्या दक्षिणेस हरिश्चंद्रगड आहे, आणि त्याचे एकट्याचे वर्णन करावयास स्वतंत्र लेख हवा. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट त्याहून लांब, आणि बेलपाड्याहून थेट कड्याच्या कुशीतून वर येणारी नळीची वाट कसलेल्यांसाठीच. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर राहून रचला. केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उभे असलेले शिवलिंग आणि चार खांबांपैकी उरलेला एकच खांब पाहून कोणीही स्तब्ध होतो. पण माणसे येतात ती मुख्यतः कोकणकड्यासाठी. नागाच्या फणीसारखा आत वळलेला हा कडा पश्चिमेस पाहतो. सकाळी सूर्य पाठीशी असताना खालच्या दरीतून धुके वर आले, तर त्यावर पाहणाऱ्याचीच छाया आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ उमटते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधात १८३५ साली या दृश्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याची शास्त्रीय दप्तरात नोंद आहे. मराठी गिरिप्रेमी त्यास इंद्रवज्र म्हणतात. ते दिसेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि ते पाहण्याच्या नादात कड्याच्या ओठावर उभे राहण्याचे धाडस कोणी करू नये. पालथे पडून पाहण्याची तेथील जुनी रीत सर्वांत सुरक्षित आहे.

मुक्कामाविषयी एवढेच सांगतो. काठावरील आधुनिक तंबूंपेक्षा, जमेल तेथे, गावातील घरी उतरावे आणि वाटाड्याही गावातलाच घ्यावा. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, हंगामात करटुल्याची भाजी, आणि भाग्यात असेल तर या मातीतल्या काळभातासारख्या वाणाचा सुवासिक भात पानात पडतो. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावरान बियाणी जपली आणि २०२० साली पद्मश्रीने त्या कार्याचा गौरव झाला. दर आधी विचारून घ्यावा, घासाघीस करू नये, आणि नेलेला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा, कारण या वाड्यांत तो उचलून नेणारी गाडी येत नाही.